बुर्गीआत्याची पाटी

फोन वाजला तेव्हा आत्या अंगणात पाटीसमोर गुडघ्यावर बसली होती आणि लाकडी पट्टी तिने नुकतीच बर्फात उभी रोवली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा मग धरून उभी. दोन पायांत दोन वेगवेगळे मोजे.

"एकवीस," आत्या मोठ्याने म्हणाली. अंगणात ऐकायला कुणी नसलं तरी आकडा ती नेहमी मोठ्यानेच म्हणायची. मग घराकडे मान वळवून म्हणाली, "येल्त्येच असणार. सकाळी सात वाजता माणसाला दुसरं कोण छळतंय!"

ती घाईने उठली, हातझाडू माझ्याकडे फेकला, "धर गं, फ्रोनी," म्हणाली आणि बुटांचं बर्फ न झटकताच आत धावली.

मी झाडू झेलला, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि ती फोनवर काय बोलते ते ऐकायला तिच्या मागोमाग आत गेले.

बुर्गीआत्या म्हणजे नोटबुर्गा काथ्राइन, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. पोस्टाच्या खिडकीत तिने तीस वर्षं काढली, घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि रोज सकाळी सातला बर्फ मोजलं. बर्फ मोजण्याचं काम आधी आजोबांकडे होतं. ते गेले त्या दिवशी सकाळी सातला आत्याने पट्टी हातात घेतली, आणि मग शवपेटी करायला सुतार बोलावला. क्रम असा. ऑस्ट्रियात, टिरोलमध्ये, आमच्यासारख्या प्रत्येक खोऱ्यात असं एखादं माणूस असतं. इन्सब्रुकच्या जलखात्याला रोजचा आकडा लागतो आणि तो कुणीतरी घराबाहेर जाऊन वाकून पाहावा लागतो. दरवर्षी फेब्रुवारीत चर्चची सहल समुद्राला जायची. आत्या कधी गेली नाही. "समुद्र काय, तो कुठे वितळतोय," म्हणायची.

काम सोपं असतं. पांढरा रंग दिलेली प्लायवुडची हातभर पाटी बर्फावर ठेवायची. रात्री पडेल ते तिच्यावर साठतं. सकाळी पट्टी खुपसून आकडा घ्यायचा, पाटी झाडूने स्वच्छ करायची आणि पुन्हा नव्या बर्फावर ठेवायची, म्हणजे उद्याच्या आकड्यात फक्त उद्याचं बर्फ येतं. याशिवाय ओढ्यापलीकडे, गवताच्या कोठाराजवळ, एक उंच खांब रोवलेला आहे. एकूण किती साचलं ते त्याच्यावर कळतं. आधी पाटी, मग खांब, मग इन्सब्रुकला फोन. एकतीस वर्षांत हा क्रम बदलला नव्हता.

फोनवर येल्त्येच होती. येल्त्ये आणि डाउवे हुक्स्त्रा हे हॉलंडच्या उत्तरेकडचं, फ्रीसलंडचं जोडपं. गेली चौदा वर्षं दर फेब्रुवारीत आमच्या वरच्या खोलीत उतरायचं. येल्त्ये शाळेत शिकवायची. डाउवे समुद्राच्या पातळीखालच्या त्यांच्या शिवारातून पाणी उपसणाऱ्या पंपांवर मेकॅनिक होता. त्यांच्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे रेल्वेचा पूल, असं तोच सांगायचा. अशा सपाट प्रदेशातल्या माणसाला उतारावरून घसरत खाली येण्याचं एवढं वेड का, हे मला कधी कळलं नाही. पण होतं खरं. तो स्की फार चांगलं करायचा असंही नाही. मोठी सावकाश वळणं घ्यायचा, आणि प्रत्येक वळणावर हसायचा.

त्या वर्षी ते फेब्रुवारीत येऊ शकत नव्हते. डाउवेच्या मणक्याचं ऑपरेशन नऊ जानेवारीला ठरलं होतं. त्यानंतर स्की कायमचं बंद. त्याआधी चालेल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणे म्हणाला, "मी हा प्रश्न ऐकला नाही." नाताळनंतर तपासण्या, आणि पंपांवर बदली माणूस मिळणार होता तो डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. म्हणजे मिळाला तर तोच आठवडा, नाहीतर कधीच नाही.

अडचण एवढीच होती की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे बर्फाचा काही भरवसा नसतो.

हे मी मनापासून सांगते, कारण तेव्हा मी पर्यटन कचेरीत फोन घ्यायला बसायचे आणि नोव्हेंबरभर जगाला एकच प्रश्न पडलेला असायचा, बर्फ असेल का? कचेरीचा प्रमुख एगोन ताशलर. मोठं हॉटेल त्याचं, स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणारी लिफ्ट त्याची. अर्धं गाव त्याचं आणि उरलेलं त्याच्या बायकोचं, असं आम्ही म्हणायचो. त्याने मला एक कागद लिहून दिला होता, 'बर्फाची पूर्ण खात्री आहे'. विचारेल त्याला मी तो वाचून दाखवायचा. येल्त्येने कचेरीत फोन केला तेव्हा तिलाही वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "फ्रोनी, बाळा, आत्याला विचारून सांग. डाउवे म्हणतो, पट्टी वाचणाऱ्या माणसालाच विचार."

डाउवेसुद्धा रोज पट्टीच वाचायचा. कालव्यातल्या पाण्याची. त्यामुळे या दोघांचं जमायचं. फेब्रुवारीत तो भल्या पहाटे उठून आत्याच्या शेजारी अंगणात उभा राहायचा, हात मागे बांधून. दोघं काही बोलायची नाहीत.

आत्याने तीन संध्याकाळी खर्च करून एकतीस वर्षांच्या वह्या चाळल्या. लिफ्ट चालू व्हायला खांबाजवळ पन्नास सेंटिमीटर बर्फ लागतं. मग तिने येल्त्येला फोन केला.

"एकतीसपैकी चौदा," आत्या म्हणाली.

"म्हणजे अर्ध्याहून कमी."

"म्हणजे चौदा."

"तू असतीस तर आली असतीस का?"

"मी इथेच असते गं, मला काय विचारतेस!" आत्या म्हणाली. मग म्हणाली, "हे बघ. आत्ता ठरवू नका. सामान बांधून ठेवा. मी रोज आकडा सांगते. तीस तारखेच्या रविवारपर्यंत पन्नास झालं तर निघा. नाही झालं तर घरी बसा. हजार किलोमीटर गाडीत बसून त्याचा मणका हलवायचा आणि इथे येऊन चिखल बघायचा, हे काही खरं नाही."

तसं ठरलं. नोव्हेंबर कोरडा गेला. अठ्ठावीसला ढग आले. एकोणतीसच्या शनिवारी सकाळी पाटीवर एकवीस सेंटिमीटर बर्फ होतं, आणि फोन वाजला. पुढचं सांगितलंच.

"एकवीस," आत्या फोनवर सांगत होती. "अजून पडतंय. ऐक, आज निघू नका. उद्या सकाळी याच वेळेला कर." मग वीस मिनिटं दोघी डाउवेच्या औषधांवर बोलल्या. ते संपेतो एगोनचा फोन आला. तो संपल्यावर आत्या पुढच्या दाराने बाहेर पडली आणि खांब पाहायला ओढ्यापलीकडे गेली. मागच्या अंगणात दिवसभर कुणी गेलं नाही. बर्फ पडत राहिलं.

रविवारी, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, आत्याने पट्टी खुपसली आणि तिचा आवाज चढला. "चौतीस!"

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मीच उचलला आणि तिच्या हातात दिला.

"चौतीस, येल्त्ये! कालच्या एकवीसवर चौतीस!"

मला दोन पावलांवरून पलीकडचं ऐकू येत होतं. येल्त्ये बेरीज करत होती, शाळामास्तरीणच ती. "पंचावन्न! डाउवे, पंचावन्न!"

"थोडं दबतं गं खाली. पण पन्नासच्या वर धर."

"म्हणजे निघू?"

आत्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. "निघा," ती म्हणाली.

मग तिने एगोनला आकडा कळवला, शाल घेतली आणि खांब पाहायला गेली. मी दूध तापत ठेवलं. ती परत आली ती पाय ओढत. दारात उभी राहिली. टोपीवरचं बर्फ तिच्या कपाळावर वितळत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"तेहतीस," ती म्हणाली.

"काय तेहतीस?"

"खांबावर एकूण तेहतीस. काल आणि आज मिळून." ती खुर्चीवर बसली. "काल पाटी पुसली नाही. कालचं बर्फ मी आज दुसऱ्यांदा मोजलं."

खिळ्याला अडकवलेला झाडू माझ्या डोळ्यांपुढे आला. "आत्या, झाडू तू माझ्या हातात..."

"दूध बघ, उतू जातंय."

दूध उतू जात नव्हतं. मी तरी पातेलं उतरवलं. "आत्या, तू मला 'धर' म्हणालीस ना, ते पुसायला होतं. मी नुसता धरला."

"पट्टी कुणाच्या हातात होती?"

"तुझ्या."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोनकडे गेली.

फ्रीसलंडला घंटी वाजत राहिली. आत्या उभ्यानेच मोजत होती, ओठ हलत होते. चोवीस वेळा वाजली आणि बंद पडली. तिने पुन्हा लावला. सामान दोन आठवडे बांधलेलंच होतं, आणि 'निघा' म्हटल्यावर निघणारी माणसं होती ती. तेव्हा काही खिशात फोन नव्हते. वाटेत जर्मनीत कुठेतरी ते मुक्काम करणार होते, कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आत्याने मग इन्सब्रुकला फोन करून खरा आकडा दिला आणि चर्चचा चांगला कोट चढवला. चर्चसमोर एगोनने काळा फळा लावलेला होता. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत 'ताजं बर्फ ३४, एकूण ५५' असं तोपर्यंत लिहूनही झालं होतं. प्रार्थना संपून लोक बाहेर येत होते.

"एगोन, आकडा चुकलाय. एकूण तेहतीस आहे."

एगोनने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बुर्गीबाई, असू दे की! आठवडाभरात होईल पंचावन्न. कोण येतंय मोजायला?"

"मी येते रोज."

"अहो, पण लोक काय म्हणतील? बुर्गीचं चुकलं म्हणतील."

"चुकलंय तर काय म्हणतील दुसरं!"

तिने हातमोजा काढला आणि सगळ्या गावासमोर फळा हातमोज्याने पुसला. खडू घेऊन तेहतीस लिहिलं. मग वळून, जणू पोस्टाच्या खिडकीतूनच बोलतेय अशा आवाजात म्हणाली, "पाटी पुसायची राहिली होती. माझी चूक." कुणीतरी मागून म्हणालं, "बुर्गीचं चुकलं म्हणजे आता फादरनी जरा जपून राहायला पाहिजे." हशा पिकला. आत्याही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. एकतीस वर्षांत तिला असं पाहिलेलं नव्हतं कुणी. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

त्या संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला. कोरडा, गरम, डोकं दुखवणारा. हा वारा बर्फ खातो. सोमवारी खांबावर अठरा उरलं. दुपारी येल्त्येची निळी गाडी अंगणात आली तेव्हा छपरावरून पाणी ठिबकत होतं आणि चाकांखाली चिखल होता.

आत्या दारात त्यांची वाट पाहत उभी होती. नेहमीसारखं "या, सूप गरम आहे" म्हणाली नाही. डाउवे गाडीतून उतरला, आधी एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय, आणि सरळ व्हायला त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आत्या थांबली. मग म्हणाली, "डाउवे, मी तुम्हाला चुकीचा आकडा दिला. पाटी पुसली नव्हती. पंचावन्न कधी नव्हतंच. लिफ्ट बंद आहे आणि या आठवड्यात चालू होणार नाही. मी परत फोन केला, पण तुम्ही निघाला होतात."

येल्त्येच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली. ती डोंगराकडे पाहू लागली. वरचा उतार अर्धा तपकिरी दिसत होता. तिला रडू येत होतं आणि ते ती लपवत नव्हती. "दोन दिवस मागच्या सीटवर आडवा होऊन आलाय गं तो," ती म्हणाली.

डाउवेने मात्र आत्याकडे नीट पाहिलं. "दोनदा मोजलंस कालचं?"

"हो."

"हं." तो काठीवर रेलला. "माझ्याकडे एकदा पट्टीवर शेवाळ चढलं होतं. सहाचा आठ वाचला. आठ म्हणजे पूर. मी सगळे पंप सोडले. दुपारपर्यंत अख्ख्या शिवारातले चर कोरडे. बदकं चालत घरी गेली."

"मग?" आत्याने विचारलं.

"मग काय? वहीत लिहिलं. आणि बदकांची माफी मागितली."

आत्या हसली नाही. पण तिचे खांदे जरा खाली आले. "सूप गरम आहे," ती म्हणाली.

मंगळवारी ते वरच्या खोलीत पत्ते खेळत बसले. खांबावर नऊ. आत्या जेवणात तिघांच्या वाट्याचे चीजचे क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, करत होती आणि स्वतः खात नव्हती. दुपारी तिने माळ्यावरून आजोबांची पेटी उतरवली. त्यातल्या एका जुन्या वहीत आजोबांनी आठ हिवाळे दुसऱ्या एका खांबाचे आकडे लिहिले होते, पाद्र्याच्या कुरणातल्या. हे कुरण गावाच्या दक्षिण बाजूला, जंगलाच्या मागे, उत्तरेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तिथे सूर्याचा एक किरण पोचत नाही, आणि डोंगराच्या कुशीत असल्याने दक्षिणेचा वाराही वरून निघून जातो. तिथे लिफ्ट नाही, हॉटेल नाही, म्हणून कुणी जात नाही. आत्याने बूट घातले आणि ती एकटी गेली. परत आली तेव्हा गाल लाल होते.

"एकेचाळीस," ती जिन्याच्या खालून ओरडली. "डाउवे! पाद्र्याच्या कुरणात एकेचाळीस आहे!"

येल्त्ये जिन्यावर आली. "पण लिफ्टला पन्नास..."

"लिफ्टच्या उताराखाली दगड आहेत, म्हणून पन्नास. हे गवत आहे, ऑगस्टमध्ये कापलेलं, गालिच्यासारखं. एकेचाळीस पुरे. पण लिफ्ट नाही. चढून जावं लागेल. पायी."

आम्ही तिघी डाउवेकडे पाहू लागलो. तो खोलीच्या दारात, चौकटीला धरून उभा होता.

"किती उंच?" त्याने विचारलं.

"तुमच्या रेल्वेच्या पुलापेक्षा जास्त," आत्या म्हणाली.

बुधवारी सकाळी सातला आत्याने अंगणातली पाटी पाहिली, शून्य सांगितलं, रिकामी असूनही पाटी झाडूने पुसली, आणि आम्ही निघालो. डाउवेच्या स्की आत्याच्या खांद्यावर, येल्त्येच्या माझ्या. जंगलातली वाट तासाभराची होती, आणि त्यानंतर कुरणाच्या कडेने वर. तिथे डाउवे वीस पावलं चालायचा आणि थांबायचा. येल्त्ये पुढे, आत्या त्याच्या मागे, हात तयार ठेवून. कितव्यांदा थांबलो ते मी मोजलं नाही, आत्याने मोजलं असेल. एकदा तो इतका वेळ थांबला की येल्त्ये म्हणाली, "इथूनच खाली येऊ या ना. इथूनही छान आहे."

"अजून थोडं वर," तो म्हणाला.

"ठोंब्या आहेस नुसता."

"चाळीस वर्षं झाली, आता कळलं तुला?"

वर पोचायला साडेदहा वाजले. आत्याने गुडघ्यावर बसून त्याच्या बुटांना स्की लावल्या, कारण त्याला वाकता येत नव्हतं. मग ती उठून बाजूला झाली. खाली पांढरं कुरण पसरलं होतं, त्यावर एकही खूण नव्हती.

डाउवे निघाला. पहिलं वळण घेताना त्याचा तोल जरा गेला आणि येल्त्येने तोंडावर हात दाबला. दुसरं नीट. तिसरं मोठं, सावकाश, त्याच्या नेहमीच्या पद्धतीचं. मी त्याचा चेहरा पाहू शकत नव्हते, पण तो हसत होता हे पाठीवरूनही कळत होतं. सात वळणं. तीन तास चढून गेलेला माणूस मिनिटभरात खाली पोचला आणि कुंपणापाशी थांबला. मग येल्त्ये निघाली, आणि ती अगदी त्याच्याच खुणांवरून गेली, एक बोटही बाहेर न जाता.

आत्या आणि मी चालत, घसरत, अडखळत खाली आलो तेव्हा तो कुंपणाला टेकून वर पाहत होता. उतारावर ती सात वळणं स्पष्ट दिसत होती.

"परत?" आत्याने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "पुरे." आणि थोड्या वेळाने, "बुर्गी, किती होतं म्हणालीस?"

"एकेचाळीस."

"नक्की?"

"दोनदा मोजलंय."

आम्ही चौघंही इतके हसलो की डाउवेला पाठ धरावी लागली. आत्या हसता हसता रडायला लागली, आणि येल्त्येने तिला मिठी मारली. जंगलातून परतताना ती दोघं पुढे, आम्ही मागे. आत्याचा जीव भांड्यात पडला होता. ती मला म्हणाली, "आज दोनदा वाढून घेणार मी क्नोडल."

गुरुवारी संत बार्बराचा दिवस होता. आत्याने रिवाजाप्रमाणे चेरीची डहाळी तोडून येल्त्येला ओल्या कागदात गुंडाळून दिली. पाण्यात ठेवली की नाताळपर्यंत फुलते म्हणतात. शुक्रवारी ते गेले. डहाळी काही फुलली नाही, येल्त्येने जानेवारीत फेकून दिली, तसं तिने कळवलं. पण पाद्र्याच्या कुरणात ऊन नाही आणि वारा नाही, त्यामुळे ती सात वळणं आठवडाभर जशीच्या तशी राहिली. आत्या रोज तिथवर जाऊन पाहून यायची. अकरा तारखेला जोरदार बर्फ आलं, एगोनने लिफ्ट चालू केली, गाव आनंदात होतं, आणि आमच्या घरात एकतीस वर्षांत पहिल्यांदा आत्या बर्फावर वैतागली.

जानेवारीत इस्पितळातून डाउवेचं पत्र आलं. अक्षर वाकडं होतं. त्याने लिहिलं होतं की तेहतीस ऐकलं असतं तर आम्ही शहाण्यासारखे घरी बसलो असतो, म्हणून तुझ्या पाटीचे आभार. आत्याने ते दोनदा वाचलं. "चुकीचे आभार मानतात का कुठे!" ती म्हणाली आणि पत्र त्या वर्षीच्या वहीत ठेवून दिलं.

डाउवे त्यानंतर नऊ वर्षं जगला, वॉकर घेऊन चालत. ते परत आले नाहीत. पण दरवर्षी एकोणतीस नोव्हेंबरला, सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी येल्त्येचा फोन यायचा. काही ठरवायचं नसायचं, कुठे जायचं नसायचं. "डाउवेला आकडा हवाय," म्हणायची. आणि आत्या तिला थांबवायची. फोन वाजायला लागला तरी आधी पाटी पुसायची, पुन्हा पुसायची, नव्या बर्फावर सपाट बसवायची, झाडू खिळ्याला लावायची, आणि मग आत यायची. पलीकडे येल्त्येला ठाऊक असायचं. ती फोन ठेवायची नाही. डाउवे गेल्यावरही तिने फोन थांबवला नाही. "मला आकडा हवाय," म्हणायला लागली.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आत्या गेली. शेवटच्या आठवड्यात तिला बोलता येत नव्हतं, पण सकाळी सातला ती डोळे उघडायची आणि मी अंगणातून येऊन आकडा सांगेपर्यंत मिटायची नाही. ऑक्टोबर होता. रोज शून्यच सांगत होते. दफन झाल्यावर मी ती वही काढली. तीस नोव्हेंबरच्या ओळीत चौतीसवर तांबडी रेघ होती, बाजूला तेरा लिहिलेलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिच्या पोस्टातल्या गोल अक्षरात एवढंच की, पाटी पुसलेली नव्हती, दोष मोजणाऱ्याचा. माझं नाव कुठे नव्हतं. ते तिने कधी तोंडातूनही काढलं नाही. येल्त्येसमोर नाही, एगोनसमोर नाही, रागाच्या भरात माझ्यासमोरही नाही. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ मिळालं, पण याहून मोठं काही मिळालेलं मला आठवत नाही.

एकोणतीस नोव्हेंबरला सकाळी मी पाटीसमोर गुडघ्यावर बसले. बारा सेंटिमीटर. "बारा," मी मोठ्याने म्हणाले.

घरात फोन वाजायला लागला. येल्त्येला आता ऐकू कमी येतं, एक्याऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते. मी झाडू घेतला. पाटी पुसली, कोपऱ्यांतलं बर्फ बोटाने काढलं, पुन्हा एकदा पुसली. बर्फावर सपाट बसवली, हाताने दाबून पाहिली. झाडू खिळ्याला लावला. बूट झटकले.

फोन अजून वाजत होता.